सगळ्यात गर्दीचं मशीन

—न्हाई न्हाई, आधी बसा. ते पाकीट नंतर उघडा. पुन्याहून आलेला मानूस आधी पाकीट उघडतो आन मग बूड टेकतो, हे मी लई दिवसांपास्नं बघतोय. आमच्यात आधी बसत्यात, पानी पित्यात, घरच्यांचं इचारत्यात आन शेवटी दारात चपला घालताना काम सांगत्यात. बन्सी, दोन च्या सांग रे. साहेब, तो टाय सैल करा. कांद्याच्या यार्डात टाय कुनाला दाखवायचाय — हमालांना? बाहेरची पाटी वाचली ना? गहिनीनाथ शेठ, कांद्याचे व्यापारी. तो मीच. आन तुमी नितीन, त्या वेबसाईटींना जागा भाड्यानं देनाऱ्या कंपनीचे, आमच्या पोरानं, ज्ञानूनं पाठवलेले. बरोबर? त्यानं आईला फोनवर सांगितलं हुतं मानूस येनार म्हनून. माझ्याशी बोलला न्हाई. कामात असतो तो, पुन्यात. तर तुमी सहीला आलाय, मला म्हाईत हाय. — थांबा, माझं होऊ द्या. सही करीन, न करीन, पन ज्याच्या गादीवर बसायचं त्याचं आधी ऐकून घ्यायचं, एवढं तर तुमच्या कंपनीत शिकवत असतील.

मला एक सांगा, जागा भाड्यानं देता म्हंजे नेमकं काय देता? मी हा गाळा भाड्यानं दिला तर त्याला कुलूप असतं, किल्ली असती, पावसाळ्यात गळतो म्हनून भाडेकरू माझ्या नावानं बोटं मोडतो. तुमची जागा कुठं हाय? अमेरिकेत. बघितली का तुमी? न्हाई. तुमच्या मालकानं? त्यानं बी न्हाई. मग जागा हाय हे कशावरून? — कागदावर लिहिलंय म्हनून. म्हंजे बाजारात तुरी. आन वरनं दोन आठवड्यांनी दोन हजार साल लागलं की सगळी मशीनं येड्यासारखी करनार, असं तुमच्याच लोकांनी पेपरात छापून आनलंय. गिऱ्हाइकाला आधी भ्या दाखवायचं आन मग औषध इकायचं, हे तर आमच्या जत्रेतले वैदू बी करत्यात, पन त्यांच्याजवळ निदान मुळी तरी असती दाखवायला. — न्हाई, राग मानू नका. मी तोंडावर बोलतो. बन्सी, गाड्या लागल्या का रे गेटाला? — न्हाई? येतील. थंडी हाय, ट्रॅक्टर चालू व्हायला येळ लागतो.

तर ही वेबसाईट. तुमाला वाटत असंल ह्या म्हाताऱ्याला काय कळतंय. अहो, तिचा नारळ मी फोडलाय. ती मागची खोली दिसतीय ना, पडद्याच्या पल्याड, तिथं कॉम्प्युटर हाय. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, थोडं पानी त्या बटनांच्या पाटीवर उडालं तर ज्ञानू किती वरडला. इंजिनेर झालेला पोरगा, म्हनला, आप्पा, आपल्या यार्डात ज्या ढिगाला जो भाव फुटंल तो मी लगेच इंटरनेटवर टाकनार, अख्ख्या जगाला दिसंल. मी म्हनलं टाक. मला काय, वाटलं जगाला कुठं पडलंय? अमेरिकेतला मानूस सकाळी उठून नगरच्या कांद्याचा भाव बघनार हाय व्हय? हौस म्हनून टाकू दिलं. लोकं पोराला फटफटी घेऊन देत्यात, मी वेबसाईट घेऊन दिली. यार्डातले बाकीचे व्यापारी यायचे, वाकून बघायचे, शेठचं पोरगं लई हुशार म्हनायचे, माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू.

पन जगानं न्हाई बघितलं, गावानं बघितलं, तिथं घोटाळा झाला. आता गावोगाव ते एसटीडी बूथवाले झालेत ना, त्यांनी कॉम्प्युटर घेतलेत, लग्नपत्रिका छापायला आन कुंडल्या काढायला. त्यातल्या एकाला अक्कल सुचली. लिलावाच्या दिवशी ज्ञानूची वेबसाईट उघडायची आन बूथच्या बाहेर एक फळा टांगून त्यावर खडूनं भाव लिहायचा. एक नंबर अमुक, दोन नंबर तमुक, बारकी गोल्टी इतकी. भाव बघायला मानूस थांबला की च्या पितो, फोन लावतो, बूथवाल्याचा धंदा. एकाचं बघून दुसऱ्यानं केलं. पारनेरला फळा, पाथर्डीला फळा, तिकडं सुप्याला कारखान्याच्या गेटासमोर फळा — तिथली पोरं पाळी सुटली की भाव वाचत्यात आन घरी फोन करून बापाला सांगत्यात, आज भरू नका, थांबा. म्हंजे बघा, नट-बोल्ट आवळनारं पोरगं माझ्या खरेदीत पाय घालतंय. तिकडं मद्रासचा व्यापारी बघतोय, कलकत्त्याचा बघतोय, दुबईचा कोन तो बी बघतोय. आन सगळे एकाच टायमाला, भाव फुटला की. ज्ञानू म्हनायचा, आप्पा, ट्रॅफिक लई वाढलंय. मी म्हनलं, वाढनारच. फुकट हाय ना.

आता तुमाला धंदा सांगतो, तुमच्या पुस्तकात नसंल. कांद्याच्या धंद्याचं सगळं गमक एका वाक्यात हाय — आलेली गाडी परत जात न्हाई. समजलं? शेतकऱ्यानं रातच्याला गोन्या भरल्या, ट्रॅक्टर जुंपला, पहाटं यार्डात आला, ढीग वतला. आता भाव पडला तर काय करनार? गोन्या परत भरायच्या, भाडं परत द्यायचं, घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचं? न्हाई करत. शिव्या देतो आन इकतो. शंभरातला एखादा ताठ निघतो, त्याचं पुढच्या येळंला बघतो आमी. म्हनून शेतकऱ्याला यायच्या आधी भाव कळला न्हाई पायजे, आल्यावर कळायला हरकत न्हाई. माझा बाप, त्याच्या येळंला तर उघड लिलाव बी नव्हता. हत्ता चालायचा. म्हंजे रुमालाखालचा सौदा — दोघांनी हात धरायचे, वर पंचा टाकायचा आन खाली बोटं दाबून भाव ठरवायचा. बाजूला उभ्या मानसाला कळत न्हाई काय ठरलं ते. ज्याचा कांदा त्यालाच कळायचं न्हाई कधीकधी. माझ्या बापाची बोटं अशी बोलायची साहेब, की समोरच्याला घाम फुटायचा. मग सरकारला पुळका आला, हत्ता बंद, बोंबलून लिलाव करा. बरं, केला. तरी भाव यार्डाच्या भिंतीच्या आत राहायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाण्या मानसांनी उगाच न्हाई म्हनून ठेवलेलं. आन माझ्या पोटच्या पोरानं ती मूठ उघडून फळ्यावर मांडली. आता शेतकरी येतो ते हात कमरंवर ठेवूनच. म्हनतो, शेठ, मागच्या लिलावाला बोर्डावर तर एवढा हुता. बोर्डावर. जसा काय बोर्डावर देव बसलाय. ज्याला सही करताना जीभ बाहेर काढावी लागती तो मला बोर्ड दाखवतोय.

— काय म्हनता? सांगायचंय? सांगा की, पन च्या येऊ द्या. मला ठावं हाय काय सांगनार. ती तीन प्रकारची होस्टिंगं असत्यात, हेच ना? पाठ हाय मला. तुमच्या आधी एकजन येऊन गेला असाच, त्याचा टाय लाल हुता. दिवाळीच्या आधी. त्यानं तीन कागद मांडले हितं. एक, स्वतःचं आख्खं मशीन, त्यावर दुसऱ्या कुनाची वेबसाईट न्हाई, कितीबी मानसं येऊ द्या, हलनार न्हाई. मी म्हनलं, म्हंजे सोताचा ट्रक. दुसरं, चार-दोन जनांत मिळून. म्हंजे टेम्पो ठरवून आनल्यागत. आन तिसरं सगळ्यात स्वस्त, एकाच मशीनवर किती वेबसाईटी टाकल्यात त्याचा हिशेब त्यांनाच न्हाई. हे मला लगेच वळखीचं वाटलं. आपली वडाप जीप. आत कोंबलेले, मागं लोंबकळनारे, टपावर दोन, आन चढ आला की बंद पडती, मग सगळ्यांनी उतरून ढकलायची. लाल टायवाला बिचारा सांगत हुता, शेठ, तुमच्याकडं ट्रॅफिक जास्त हाय, तुमी पयलं घ्या, न्हाईतर निदान दुसरं घ्या, तिसरं तुमाला पुरनार न्हाई, लिलावाच्या टायमाला हमखास बसंल. मी इचारलं, हमखास? तो म्हनला, हमखास.

मी म्हनलं, तिसरं द्या. आन त्यातबी, तुमच्याकडं जे सगळ्यात गर्दीचं मशीन असंल त्यावर ठिवा.

त्याला वाटलं म्हातारा चिक्कू हाय. वाटू दे. चिक्कू म्हनवून घ्यायला माझं काय जातंय? साहेब, तुमी कंपनीत दोन-चार वर्सं काढली असतील, तुमाला कुनी तरी इचारलंय का असं — की बाबा, पडनारं मशीन दाखव? न्हाई ना? तुमी समदे कसं पडनार न्हाई ते इकता. पडन्याची किंमत तुमाला कळत न्हाई. गाढवाला गुळाची चव काय. अहो, दिवाळीपास्नं काय मजा झाली म्हनून सांगू. लिलाव सुरू झाला, पयला भाव फुटला की तिकडं सगळ्यांनी एकदम वेबसाईट उघडायची आन ती बसायची. बूथवाला बटनं दाबतोय, दाबतोय, काय बी न्हाई. फळा कोरा. गावात अंधार, यार्डात उजेड. शेतकरी आपला पयल्यासारखा अंदाजानं गाडी भरून आला, गरीब गाईवानी उभा राहिला. माझा बाप वर बसून हसला असंल. पोरगं म्हनतं इंटरनेटवर काय झाकत न्हाई — मी झाकलं. मी तुमच्या अख्ख्या इंटरनेटवर पंचा टाकला साहेब, आन खाली बोटं माझी.

— असं तोंड का केलंत? मी कुनाच्या घरात शिरलो का? कायदा मोडला का? स्वस्तातलं घेतलं, एवढंच. स्वस्त घेनं गुन्हा असंल तर अख्ख्या नगर जिल्ह्याला आत टाका. च्या घ्या, साय धरंल. बन्सी, काय रे? — तरी न्हाई? एकबी न्हाई? जा, केडगावच्या चौकापर्यंत जाऊन बघ, रस्त्यात काय पलटी झालं असंल. जा सायकल घेऊन. परवाच्या लिलावाला बी माल कमीच हुता, मी म्हनलं लग्नाची तीथ दाट हाय, लोकं वऱ्हाडात असतील. पन आज माल पायजे. त्या बाहेर लॉऱ्या उभ्या हायेत ना, मद्रासकडच्या, ज्यांचे डायवर चाकाजवळ भात शिजवतायत, त्या माझ्यासाठी थांबल्यात. आज भरून सोडीन असा शब्द दिलाय मी. तिकडच्या पार्टीबरोबर माझ्या बापाच्या टायमापास्नं सौदा हाय, आजवर लॉरी रिकामी गेली न्हाई आमच्या दारातनं. आन ह्या वक्ताला मी भाव असा लावून दिलाय त्यांना की इथं स्वस्त पडंल तरच परवडतो. कोऱ्या फळ्याच्या भरवशावर लावलाय म्हना ना. भरंल, दुपारपर्यंत भरंल.

कुठं हुतो? हां, ज्ञानू. त्याला काय कळलं न्हाई, ते सांगायचं राहिलं. एवढा इंजिनेर, पन त्याला वाटलं त्याचंच चुकलं. होस्टिंग मी बघतो म्हनून मीच सांगितलं हुतं त्याला, तू तुझं ते प्रोग्रॅम का काय ते बघ, पैशाचं मी बघतो. मग तो कशाला संशय घेईल? वेबसाईट बसली की हा त्या मागच्या खोलीत जाऊन बसायचा. लिहिलेलं पुसायचा, परत लिहायचा. म्हनायचा, आप्पा, माझ्याच लिहिन्यात कुठंतरी जड झालंय, हलकं करतो. हलकं केलं, तरी बसली. चित्रं काढून टाकली — आपल्या पेढीचा फोटो हुता वर, माझा, फेट्यातला, त्यो बी काढला. तरी बसली. ताट आत न्यायची त्याची आई, तसंच झाकलेलं बाहेर यायचं. गालाची हाडं दिसायला लागली पोराची. एक दिस म्हनला, आप्पा, मला येत न्हाई हे, मी उगाच तुमचं नाव घालवलं. असं म्हनला. हितं, तुमी बसलाय ना तिथंच बसून.

मी म्हनलं, जाऊ दे, नाद सोड, गादीवर बस. चांगलंच म्हनलं ना? एका दगडात दोन पाखरं — वेबसाईट बी गेली आन पोरगं बी धंद्यात आलं, असं वाटलं मला. पन त्यानं पिशवी भरली आन पुन्याला गेला. म्हनला, शिकून येतो नीट. परत शिकनार. शिकलेल्या मानसाचं एवढंच असतं, घर जळत असलं तरी आधी पुस्तक उघडनार. गेला तर गेला. येईल. त्याच्या आईनं त्या कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं फडकं टाकून ठेवलंय, धूळ बसू नये म्हनून, रोज झटकती. मी म्हनतो, बाई, त्यात काय देव बसलाय का? ती माझ्याशी बोलत न्हाई. बोलती, पन जेवायला वाढलंय एवढंच.

बघा, मी पन कुठं वाहवत गेलो. तर सही. तुमचं ते भारी मशीन मला नकोय, स्वच्छ सांगतो. ज्ञानूला सांगा, आप्पा बघतो म्हनले. मी आज न्हाई म्हनत न्हाई, उद्या हो म्हनत न्हाई, असं लोंबकळत ठेवायचं, समजलं? आता काढा ते पाकीट, बघू तरी तुमची कंपनी कागद कसला वापरती.

— हे काय? ह्यात सहीची जागा कुठं हाय?

सही नको? मग आलात कशाला? — तेच सांगत हुता? कधी सांगत हुता? — बरं, मीच बोलू दिलं न्हाई. बोला आता. बोला, ऐकतोय.

झालीय? काय झालीय? — वेबसाईट. भारी मशीनवर. कधी? — मागच्या आठवड्यात. कुनी केली सही? ज्ञानूनं. सोताच्या पगारातनं. नोकरी करतो तो? तुमच्याच कंपनीत. तुमच्या शेजारच्या टेबलाला… तुमी एका खोलीत राहता. मग तू आधी का न्हाई सांगितलंस रे, मी तुला अहो-जाहो करत बसलो. आन नुसती आपल्या यार्डाची न्हाई, सगळ्या यार्डांची? पुन्याचा भाव, नाशकाकडचा भाव, सगळे एका पानावर, आन बसत न्हाई. कितीबी मानसं आली तरी. एवढं शिकला व्हय. — म्हंजे फळे चालू हायेत. गावोगाव. आठवडाभर. आन मला कुनी बोललं न्हाई. कोन बोलनार, मला फळ्याचं नाव काढलेलं आवडत न्हाई हे अख्ख्या यार्डाला म्हाईत हाय.

ये बन्सी. दम खा. काय दिसलं? — पलटी न्हाई. मग? — गेल्या? सगळ्या? सरळ बायपासनं पुन्याच्या रस्त्याला. तू बघितलंस सोताच्या डोळ्यांनी? कोन कोन हुतं — कानिफनाथचा ट्रॅक्टर बी? माझ्या दारात वीस वर्सं ढीग वततोय तो. त्याला इचारायचं तरी. — काय म्हनला? परत सांग. फळ्यावर पुन्याचा भाव हाय, नगरच्या नावापुढं काय बी न्हाई, कोऱ्या जागंला गाडी कशाला घालू. असं म्हनला. बरोबर हाय त्याचं. च्यायला, एकदा दिसायला लागलेला मानूस परत भिंतीला धरून चालत न्हाई, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. तू जा बाहेर. त्या डायवरांना सांग, शेठ येतोय. काय बी सांग.

तुझ्या त्या पानावर नगर कोरं का रे? बाकी सगळ्यांचे भाव टाकले आन बापाच्या यार्डापुढं मोकळी जागा ठेवली, हा सूड म्हनायचा का? मला समजंल असं सांग. — काय? माझ्यामुळं? — मला इचारल्याशिवाय न्हाई टाकायचा म्हनला. यार्ड आप्पांचा हाय, भाव तिथनं त्यांच्या नावानं गेला पायजे, आधी परवानगी घे, मग टाकू. त्यासाठी आलायस तू. ह्या एका गोष्टीसाठी पुन्याहून. म्हंजे मी सकाळी तुला तोंड उघडू दिलं असतं तर… न्हाई, तरी आजच्या गाड्या गेल्याच असत्या. रातीच भरल्या असतील. गेल्याच असत्या.

आनखी काय म्हनला? हाय, आनखी हाय, तुझ्या तोंडावर दिसतंय. सांग, मी काय खात न्हाई तुला. — त्या लाल टायवाल्यानं फसवलं. कुनाला? मला. आप्पांना कॉम्प्युटरमधलं कळत न्हाई, भोळेपनी घेतलं त्यांनी, आन त्यानं टुकार मशीन गळ्यात मारलं. आप्पांची काय चूक न्हाई. त्यांना वाईट वाटलं असंल, पोराचं नुकसान झालं म्हनून. तू जाशील तेव्हा सांभाळून बोल, त्यांना कमीपना वाटू देऊ नको. असं म्हनला ज्ञानू. भोळेपनी.

मला भोळा म्हननारं जगात हे एकच मानूस निघालं.

च्या गार झाला तुझा. दुसरा सांगू? नको. बरं. नितीन, हे बघ बाळा, आपन आज सकाळपास्नं जे बोललो ना, ते असंच, मानसं बोलतात गादीवर बसून. मी जरा वाढवून बोलतो, यार्डात सगळ्यांना म्हाईत हाय, माझ्या बोलन्यातला निम्मा भुसा असतो. त्या लाल टायवाल्यानं खरंच फसवलं मला. असं बी असू शकतं की न्हाई? तूच सांग. मला काय कळतंय मशीनमधलं. तू ज्ञानूला सांगशील, आप्पा हो म्हनले, टाक नगरचा भाव, उद्यापास्नं टाक, आत्तापास्नं टाक. आन बाकीचं… बाकीचं कशाला सांगायचं? पोरगं आत्ता कुठं जेवायला लागलं असंल नीट. जेवतं ना? तुमची मेस चांगली हाय ना?

तसं नको बघू. दे, हात दे हिकडं. दे रे, निघताना मानूस हात देतोच की. हां. आता हा पंचा असा वर. हे बघ, हे माझ्या बापाचं, त्याच्या बापाचं. हितं कुनाला दिसत न्हाई, कुनाला ऐकू येत न्हाई, फक्त तुझं बोट आन माझं बोट. तू दाब, जेवढं तुला वाटतंय तेवढं दाब, मी वर एक अक्षर बोलनार न्हाई, देऊन टाकीन. लाजू नको. सगळ्यांचा कायतरी भाव असतो, त्यात वाईट काय, मी तर अख्खं आयुष्य हेच केलं. तुझ्या बहिणीचं लग्न असंल, गावाकडं घर असंल, काय असंल ते. दाब. — दाब की. नुसता हात ठेवून बसलास. मेल्या मानसागत गार हाय तुझा हात.

काढलास.

बरं. पंचा दे माझा. जा, पुन्याची यष्टी आता चौकातनंच मिळंल तुला, हितं आत येत न्हाई. आन जाताना त्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं फडकं… न्हाई. राहू दे. काय न्हाई. तू जा, मला लॉऱ्यावाल्यांकडं जायचंय.